दवाखाना उत्तम, पण पाटीवर तारीख टाका

कोण बोलतंय ते आधी सांगतो. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी गुहागर-चिपळूण मार्गावर गेली. त्यामुळे रांग, नंबर आणि सुट्टे पैसे या तीन बाबतींत माझा स्वभाव जरा तिखट आहे. आमच्या डॉक्टरबाईंशी या तिन्हींवरून पहिल्याच दिवशी बिनसलं.

दवाखाना म्हणजे कौलारू घराची पडवी. खिळ्याला वही टांगलेली. नाव लिहायचं आणि बाकावर बसायचं. माझा नंबर चौथा. बाई मध्येच बाहेर आल्या, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि सतराव्या नंबरच्या माणसाला आत घेतलं. मी म्हटलं, "मग वही कशाला ठेवलीत?" त्या म्हणाल्या, "वही तुमच्यासाठी आहे मास्तर. मी माणूस बघून घेते." बाकावरच्या म्हातारीनेही तोंड सोडलं, "माज्या नंबराचा काय झाला?"

सतराव्याला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, गवत काढताना फुरसं चावलं होतं. पायाला सुंभ करकचून बांधलेला. बाईंनी आधी १०८ ला फोन लावला. हाताला सलाईनची सुई लावून ठेवली, मगच सुंभ सोडला, आणि पाय फळीला बांधून टाकला. ब्लेडने चिरणं नाही, चोखणं नाही. मग दोन मिली रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घातलं, नळीला चिकटपट्टी लावून वेळ लिहिली आणि नळी खिडकीत उभी केली. मला म्हणाल्या, "तुमच्या हातात घड्याळ आहे ना? वीस मिनिटं ही कोणाला हलवू देऊ नका."

आयुष्यभर घंटी मारली, पण वीस मिनिटं इतकी लांब कधी वाटली नव्हती. वेळ झाल्यावर बाईंनी नळी तिरपी केली. चांगलं रक्त तोवर गोठून बसतं. हे कोकमाच्या आगळासारखं सरळ वाहिलं. म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. गाडी येईस्तोवर चिठ्ठी तयार होती: चावल्याची वेळ, सुंभ सोडल्याची वेळ, नळीचा निकाल. ग्रामीण रुग्णालयात सापाच्या इंजेक्शनाआधीची तेवढी वीस मिनिटं वाचली. गडी पाचव्या दिवशी चालत घरी आला. माझा नंबर लागायला साडेसात वाजले, तो भाग वेगळा.

ही नळीची रीत पुस्तकातलीच, पण ती हातात बसली साउथ सुदानमध्ये, असं बाई सांगतात. तिथेही साप फार, आणि लॅब असेलच असं नाही. बाई मूळच्या भूलतज्ज्ञ. सकाळी चिपळूणला ऑपरेशनांना जातात, संध्याकाळी इथे बसतात आणि वर्षातून दीड महिना 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेबरोबर बाहेर असतात. संस्था १९७१ साली पॅरिसमध्ये निघाली, १९९९ चं शांततेचं नोबेल तिलाच मिळालं. सर्जन आणि भूल देणाऱ्यांना थोड्या मुदतीवरही नेतात, बाकीच्यांना महिनोन्‌महिने राहावं लागतं. आमच्या पिढीला असा डॉक्टर म्हटला की सोलापूरचे कोटणीसच आठवतात. १९३८ ला चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले. या बाई निदान परत तरी येतात.

चिपळूणच्या पुराच्या वेळी, २२ जुलै २०२१ ला, त्या इथेच होत्या. आमच्या चिपळूण डेपोत आगारप्रमुख नऊएक लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले होते, ते तुम्ही वाचलंच असेल. पाणी ओसरल्यावर बाई चिखलात टेबल टाकून लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने घाण झालेल्या पाण्यातून येणारा ताप, होऊ नये म्हणून गोळ्या देत होत्या. डॉक्सीसायक्लिन, आठवड्याला दोनशे मिलिग्रॅम. गरोदर बायकांना नाही, लहान पोरांना नाही, आणि कोणालाच रिकाम्या पोटी नाही. म्हणून गोळ्यांच्या शेजारी बिस्किटांचा डबा. डबा आधी संपायचा.

सलाईनच्या शौकिनांनी मात्र इथे जाऊ नये. नातवाला जुलाब झाले तेव्हा मीच म्हटलं, "एक बाटली चढवा की." बाईंनी सुनेला टेबलाशी बसवलं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चव घेऊन बघायची, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. मला १९७१ ची गोष्ट ऐकवली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून पाजलं आणि मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आलं. पोरगं दुसऱ्या दिवशी आंब्यावर होतं. बिल १५० रुपये.

आता तक्रार. बाई गेल्या की दाराला पाटी लागते: "डॉक्टर बाहेरगावी". कधी येणार, तोवर कुठे जायचं, काही नाही. गेल्या खेपेला सौ.ला ताप आला तो नेमका त्याच दीड महिन्यात. शहरातल्या एका खाजगी इस्पितळात नेलं, तर आधी अकरा तपासण्या आणि मग डॉक्टर. नऊ हजार गेले. बाई परत आल्यावर कागद पुढ्यात टाकले. त्यांनी एकेक पान चाळलं, दोन तपासण्यांवर पेनने खूण केली आणि म्हणाल्या, "एवढ्या पुरल्या असत्या." मी म्हटलं, "हे सांगायला तुम्ही हव्या होतात." त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. एसटीची फेरी रद्द झाली तरी आम्ही फळ्यावर लिहीत होतो, हेही ऐकवलं.

पाचपैकी चार. एक कापला तो पाटीचा. यंदा पाटीवर खडूने परतीची तारीख आली आहे, खाली बदली डॉक्टरचा नंबरही आहे, पण पावसाचं पाणी लागून सातचा एक झालाय की एकचा सात ते कळत नाही. ऑइलपेंटने लिहा. सोमवारी बंद. दोनशेची नोट नेऊ नका, कंपाउंडरकडे सुट्टे कधीच नसतात.