आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सांगली - ५ पैकी ४ स्टार

आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट इथं करून घेतलं. डॉक्टर चांगले आहेत हे सगळेच लिहितात आणि ते खरंच आहे, पण मला दुसरंच लिहायचंय. इथं एकच गोष्ट दहा वेळा विचारतात आणि त्यावरनं बरेच नातेवाईक वैतागतात, "फाईलमध्ये लिहिलंय की, परत काय विचारताय" असं सिस्टरना बोलताना मी ऐकलंय. कृपया असं बोलू नका. हे विचारणं हीच या हॉस्पिटलची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

ॲडमिट झाल्या झाल्या हातात नावाचा पट्टा, आईला सल्फाची ॲलर्जी आहे म्हणून अजून एक लाल पट्टा. मग प्रत्येक गोळीच्या वेळी, अगदी साधी पॅरासिटामॉल असली तरी, "आजी, पूर्ण नाव सांगा" आणि पट्ट्याशी ताडून बघणार. आपल्या जिल्ह्यात एका वॉर्डात दोन-तीन पाटील असणारच, नुसत्या आडनावावर औषध दिलं तर घोटाळा ठरलेलाच. बाजूच्या बेडवर अथणीकडच्या एक बाई होत्या, त्यांना फक्त कन्नड यायचं, तर त्यांच्यासाठी कन्नड येणाऱ्या मावशींना बोलावून मगच विचारायचे, नुसती मान डोलावलेली चालवून घेत नव्हते.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन स्वतः वॉर्डात आले आणि "कुठला गुडघा करायचाय?" असं आईलाच विचारलं. तिनं हात लावून दाखवल्यावर मार्करनं खूण केली. भूल कमरेत इंजेक्शन देऊन होती त्यामुळं आई जागी होती, ती सांगत होती की सुरू करायच्या आधी सगळे थांबले आणि एकानं मोठ्यानं तिचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठला पाय, ॲलर्जी कसली हे सगळं वाचलं आणि बाकीच्यांनी हो म्हटलं. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची आहे, २००८ मध्ये त्यांनी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंट ऑपरेशन थिएटरमधनं बाहेर न्यायच्या आधी असे तीन टप्पे. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, त्यात दिल्लीतलंही एक होतं, आणि ऑपरेशननंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. याला मशीन लागत नाही की खर्च नाही, पण नुसत्या टिका मारून कागद फाईलला लावला तर उपयोग शून्य, सगळ्यांनी खरंच थांबायला पाहिजे.

अजून एक बघितलेलं सांगतो. राउंडला एक ज्युनिअर डॉक्टर थेट ड्रेसिंगला हात घालायला लागले तर सिस्टर म्हणाल्या, "सर, आधी हात." त्यांनी लगेच बेडच्या पायथ्याची सॅनिटायझरची बाटली घेतली, चिडचिड काही नाही. सिस्टर डॉक्टरला टोकू शकते हे फार कमी ठिकाणी दिसतं हो.

एक स्टार कापलाय तो डिस्चार्जसाठी. इन्शुरन्सच्या मंजुरीला दुपार गेली, ते सगळीकडंच होतं, सोडून देऊ. पण डिस्चार्ज कार्डावर टेल्मिसार्टन दोनदा लिहिलेलं होतं, एकदा आईच्या घरच्या गोळीच्या नावानं आणि एकदा हॉस्पिटलच्या मेडिकलमधल्या दुसऱ्या कंपनीच्या नावानं. म्हणजे बीपीची तीच गोळी डबल. मेडिकलवाल्या दादांनी स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचून पकडलं म्हणून ठीक, नाहीतर सत्तरीतली बाई वॉकर घेऊन चालताना चक्कर येऊन पडली असती तर नवीन गुडघ्याचं काय झालं असतं? वॉर्डात एवढी काळजी आणि घरी पाठवताना घाई, हे पटत नाही. कार्ड इंग्रजीत, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस घ्यायची हेपण आम्ही विचारल्यावर सांगितलं. मी लेखी दिलंय की औषधाचं मूळ नाव आणि वेळ मराठीत लिहून द्या, मॅनेजर नीट बोलले, बघू.

तोवर तुम्ही एक करा, ॲडमिट होताना घरच्या सगळ्या गोळ्या स्ट्रिपसकट न्या आणि निघताना कार्डाशेजारी ठेवून एकेक विचारून घ्या. जेवण ठीक आहे, फार अपेक्षा नको. चारचाकीला पार्किंग जवळपास नाहीच, पेशंटला दारात उतरवून गाडी लांब लावावी लागते.