दोन मिनिटांची भयपट-सुरुवात: पहिला बळी की नुसती चाहूल?

विद्यार्थी भयपटाच्या सुरुवातीला दोन वाटा असतात. एक, पहिल्याच प्रसंगात बळी आणि मग शीर्षक. दुसरी, घडत काहीच नाही, पण घरात काहीतरी बिनसलंय हे कळतं.

बळीची वाट सोपी वाटते आणि फसते तीच जास्त. नकली रक्त दिव्याखाली सरबतासारखं दिसतं. मारेकरी तीन सेकंद दिसला की तो वर्गमित्र असल्याचं कळतं. मग तो दाखवूच नका. १९७८च्या ‘हॅलोवीन’मध्ये कॅमेराच मारेकऱ्याचे डोळे होतो, आणि मुखवटा उतरल्यावर निघतो सहा वर्षांचा मुलगा. मारेकऱ्याच्या नजरेतून दाखवण्याची रीत जुनीच, फक्त त्यामागचा माणूस अनपेक्षित. दचकवायचं असेल तर दणक्याआधी दीड-दोन सेकंद खरी शांतता ठेवा. खाली संगीत वाजत राहिलं तर दणका बसतच नाही.

चाहुलीला खर्च कमी, शिस्त जास्त. कॅमेरा ट्रायपॉडवर, शॉट आठ-दहा सेकंदांचे, मागचं दार प्रत्येक शॉटमध्ये थोडं अधिक उघडं. रिकाम्या खोलीचा आवाज ३० सेकंद वेगळा रेकॉर्ड करा, नाहीतर प्रत्येक कटला ध्वनी तुटतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद. चुकलात तर ट्यूबलाइट लुकलुकते, आणि ती लुकलुक भुताची वाटत नाही!

एकच रात्र आणि दोन नट असतील तर चाहूलच निवडा. मात्र ‘अंधार हवा’ म्हणून दिवे बंद करून शूट केलंत तर चित्रात दाणे, म्हणजे बारीक ठिपके, येतील. एक दिवा खिडकीबाहेर लावा, एक्स्पोजर (कॅमेरा टिपतो तो प्रकाश) खाली आणा.