कॉइल घरी बदलायला गेलो आणि ४७,८३९ रुपयांना बसलो

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. बायको हसून झाली, मेहुणा तर अजून हसतोय. पण मी काही अडाणी नाही. पिन कोणाला सांगू नका, ओटीपी देऊ नका हे आईबाबांना मीच शिकवलंय, आणि मी पण ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले. म्हणून लिहितोय.

गाडी पेट्रोल, चार सिलेंडर, नऊ वर्षं जुनी. सकाळी थंड असताना चालू केली की थरथरायची, चढाला झटके द्यायची आणि एक दिवस चेक इंजिनचा दिवा नुसता लागायच्या ऐवजी लुकलुकायला लागला. दिवा लुकलुकत असेल तर तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तो खर्च वेगळाच. सर्व्हिस सेंटरने चार इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देतात त्या), चार प्लग आणि लेबर धरून १४,६०० सांगितले. मी ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं घरीच करतो, म्हटलं चौदा हजार कशाला घालवू.

स्कॅनर लावला, कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिस मारतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये. दोनची कॉइल तीनला लावली, तीनची दोनला, कोड पुसला, एक चक्कर मारून आलो तर कोड पी०३०३. फॉल्ट कॉइलबरोबर सरकला. म्हणजे कॉइल गेली, विषय संपला. तपास बरोबर केला ना मी? (बरोबर नव्हता, ते पुढे सांगतो, तेच जास्त झोंबतं.)

खरं तर एकच कॉइल पाहिजे होती, पण ऑनलाइन 'ओरिजिनल' चारचा सेट ५,४८० ला दिसला, म्हणजे एक १,३७० ला, आणि शोरूमला एकच २,९०० ची. अर्ध्याहून कमी किमतीत ओरिजिनल कोण देईल, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही, पडला होता. त्याचं उत्तर पण मीच दिलं, ऑनलाइनवाल्यांना दुकानाचं भाडं नसतं ना. रेटिंग ४.४ होतं. ते वाचत बसू नका हो, फोटो टाकलेले रिव्ह्यू बघा, आणि त्यातही एक स्टारवाले आधी.

आता ती वेळ, जी मला रात्री झोपताना आठवते. बॉक्स चकाचक, होलोग्राम, पार्ट नंबर अगदी जुळणारा. कॉइल हातात घेतली तर बोल्टच्या भोकाभोवती गोल चकचकीत वळ उठलेला. बोल्ट एकदा आवळल्याशिवाय तसा वळ येतच नाही. कपलरच्या (वायर जोडतात तिथल्या) आतल्या पिनांवर बारीक उभे ओरखडे. काळा रंग जरा जास्तच काळा, आणि वास, वॉर्निशचा. उजव्या हातात ही 'नवीन' कॉइल, डाव्या हातात माझी नऊ वर्षं जुनी, आणि दोन्हींच्या भोकाभोवती तोच वळ, तसाच. मी दोन मिनिटं बघत उभा होतो. बायकोने विचारलं पण, काय झालं? मी म्हटलं काही नाही, कंपनीत टेस्ट करताना लावली असेल. कोणती कंपनी कॉइल इंजिनावर आवळून टेस्ट करते? भंगारातल्या गाड्यांच्या कॉइल पुसून, रंगवून, नवीन खोक्यात घालून विकलेल्या, हे समोर दिसत होतं. पण चार वाजले होते, बॉनेट उघडं होतं, दुसऱ्या दिवशी गाडी पाहिजे होती, आणि सोसायटीतले दोघंजण बघायला उभे होते की हा स्वतः करतोय म्हणून. त्यांच्यासमोर कसं म्हणणार की माल डुप्लिकेट निघाला. लावल्या.

बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा. सील दिसलं पाहिजे, लेबल दिसलं पाहिजे. मी काढला नाही.

अकरा दिवस गाडी चालली. बाराव्या दिवशी एक आणि चार दोन्ही मिस, गाडी दोनच सिलेंडरवर कशीबशी घरी आणली. रिटर्नची मुदत सात दिवसांची, ती कधीच संपली होती. साइटवर चॅटमध्ये तो मशीनवाला 'मी तुमची अडचण समजू शकतो' असं सहा वेळा म्हणाला. विक्रेत्याचं पान तोपर्यंत गायब. तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा. पोच आली, अगदी वेळेत, आणि त्यानंतर आजपर्यंत काहीच नाही. असे नियम करून काय फायदा?

मग मी जे केलं ते कोणी करू नका. साइटचा कस्टमर केअर नंबर नेटवर सर्च केला. जो पहिला दिसला तो लावला. पहिल्याच रिंगला माणसाने उचलला. इथेच कळायला पाहिजे होतं, खऱ्या कस्टमर केअरला पहिल्या रिंगला कधी कोणी उचललाय? गोड मराठीत बोलत होता. "दादा, तुमच्यासारख्या बऱ्याच लोकांच्या तक्रारी आल्यात त्या सेलरच्या, तुमचा रिफंड मंजूर आहे, फक्त फॉर्म भरा." व्हॉट्सॅपवर फाइल आली, एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप. फोनने लाल अक्षरात सांगितलं की हे धोकादायक असू शकतं. तो म्हणाला दादा, प्ले स्टोअरवर नाहीये म्हणून तसं दाखवतं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. मग पानावर १० रुपये 'खातं पडताळणी' म्हणून डेबिट कार्डचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं मी माझ्या हाताने भरलं. पैसे परत मिळायला माझं कार्ड कशाला लागतं? हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला शंभर वेळा विचारला असता. स्वतःला नाही विचारला.

ओटीपी मी सांगितलाच नाही. सांगायची गरजच नव्हती, ते ॲप मेसेज तिकडे पाठवत होतं आणि माझ्या फोनवर दिसू पण देत नव्हतं. दोन अडतीसला २४,९९९ गेले. मला कळलं तीन वाजून गेल्यावर, बँकेच्या मेलवरून.

आता बँक. तसाच धावत शाखेत गेलो, साडेतीनला काउंटरवर सांगितलं, कार्ड बंद करा. मॅडम म्हणाल्या ते इथून होत नाही, टोल फ्रीला लावा. टोल फ्रीवर मराठीसाठी अमुक दाबा, तमुक दाबा, आणि संगीत. मी संगीत ऐकतोय, समोर बँकेचा माणूस बसलाय, आणि चार बाराला माझ्या डोळ्यादेखत आणखी १७,३५० गेले. बँकेत उभा असताना! मॅनेजर म्हणाले, कार्डचे डिटेल्स तुम्हीच दिले ना, मग तुमची चूक. बरं, पहिली माझी चूक. पण रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकापासूनचा, त्यात साफ लिहिलंय की ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातं ते बँकेचं. मग चार बाराचे कोणाचे? तर म्हणे तोंडी कळवलेलं धरत नाही, लेखी अर्जावर शिक्का चार चाळीसचा आहे. अहो, अर्जाचा कागदच तुम्ही चार पंचवीसला दिलात! पहिलं काम म्हणून शाखेतूनच स्वतःच्या मेलवरून बँकेला मेल टाका, वेळ पुराव्यात राहते. हे मला नंतर सुचलं.

आणि शाखेत जायच्या आधी १९३० लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. आधी १९३०, मग बाकी सगळं. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत अडकवता आले तरच काही हाती लागतं. मी लावला संध्याकाळी सहाला, कारण बँकेत कोणीच सांगितलं नाही आणि मलाही आठवलं नाही. तोपर्यंत पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते. फोन दुसऱ्याचा वापरा, आणि स्वतःचा आधी फ्लाइट मोडवर टाका, माझा चार बारापर्यंत नेटवर चालूच होता.

पोलीस चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले हद्द आमची नाही, पैसे दुसऱ्या राज्यात गेलेत, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी प्रिंट काढून नेली. त्यांनी वाचली, घडी घातली, परत दिली, आणि म्हणाले, "शिकलेले दिसता, मग एपीके कशाला डाउनलोड केलं?" याला काय उत्तर आहे. चौथ्या फेरीत लिहून घेतलं. चार कॉइल मुद्देमाल म्हणून जपून ठेवा म्हणाले, त्या पलंगाखाली आहेत.

हिशोब: ५,४८० कॉइलचे, १० पडताळणीचे, २४,९९९ आणि १७,३५०. एकूण ४७,८३९. बँकेने ३० दिवसांत धड उत्तर दिलं नाही म्हणून चार बाराच्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकलीय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तिथे कॉइलवाल्या साइटची फाइल तयार करतोय. वकिलाने मात्र तोंड वाकडं केलं.

आता ते कंसातलं. शेवटी गाडी मेकॅनिककडे ओढून नेली, सोबत माझ्या जुन्या चार कॉइल. त्याने दोन नंबरच्या कॉइलचा रबरी बूट (कॉइल आणि प्लगच्या मधली रबरी नळी) ओढून काढला, उजेडात धरला, आणि नखाने दाखवलं, बुटाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. करंट प्लगमध्ये न जाता त्या रेघेवरून बाहेर उडी मारत होता. कॉइल ठणठणीत होती. मी कॉइल अदलाबदल केली तेव्हा बूट पण तिच्याबरोबरच गेला, म्हणून कोड सरकला. अदलाबदल करायची तर बुटाची वेगळी करा, आधी बूट, मग कॉइल. नवीन बूट १८० रुपयांचा. गाडी त्याच जुन्या कॉइलवर मस्त चाललीय.

परवा फोन आला. "सर, तुमचे सायबर फ्रॉडचे पैसे रिकव्हर झालेत, ९९९ फाइल चार्ज भरा." माझं नाव, गेलेली रक्कम, सगळं त्याला माहीत होतं. एकदा फसलेल्यांची यादी हे लोक पुढे विकतात वाटतं, तेव्हा तुमचे गेले असतील तर हा फोन तुम्हालाही येणारच. मी त्याला म्हटलं थांब हां, कार्ड आणतो, आणि फोन टीव्हीसमोर ठेवून दिला. अकरा मिनिटं होता लाइनवर.