रनिंग ब्लेड: घ्यावं का, आणि ‘स्प्रिंग’चं काय?

रनिंग ब्लेड म्हणजे पाय नसलेल्यांनी पळण्यासाठी लावायची वाकडी पट्टी. पळायचं असेल तर घ्या. नुसतं चालायचं, बाजारहाट करायचा असेल तर पैसे पाण्यात. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही आणि मी दहा किलोमीटरच्या शर्यती पळते, तेवढ्याच अधिकाराने हे लिहितेय.

कार्बन फायबरच्या या पट्टीला टाच नसते, त्यामुळे तिच्यावर स्वस्थ उभं राहता येत नाही. शर्यत सुरू होईपर्यंत मी जागच्या जागी उड्या मारत असते आणि शेजारच्यांना वाटतं, काय उत्साह बाईंचा! ब्लेडचा कडकपणा तुमच्या वजनावरून ठरतो. दिवाळीत फराळावर ताव मारला की तेच ब्लेड जास्त दबायला लागतं. तळाला चिकटवलेलं सोल डांबरी रस्त्यावर झिजतं, ते वेळेवर बदला.

पण खरा खेळ सॉकेटचा, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचाचा. माझं पहिलं सॉकेट नडगीच्या बाहेरच्या हाडाशी चावायचं. बनवणारे म्हणाले, “सवय होईल ताई.” कातडी सोलली, सवय काही झाली नाही. दुसरीकडे नव्याने साचा घेतला तेव्हा सुटले. पळताना घामाने लायनर (कातडी आणि सॉकेटमधलं मऊ आवरण) निसटतो आणि स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आक्रसतो, म्हणून सैल जागा भरायला जादा सॉक्स कमरेच्या पाऊचमध्ये हवेतच.

आता ब्लेडवाल्यांना नेहमी ऐकावा लागणारा टोमणा. “तुम्हाला काय, स्प्रिंग लावलीय!” अहो, स्प्रिंग परत देते ती मीच दाबून भरलेली ताकद, तीही थोडी कापून. पोटरीचा स्नायू स्वतःची ताकद घालतो, पट्टी कुठून घालणार? २०१० च्या एका अभ्यासात एकच पाय गेलेले धावपटू ब्लेडच्या बाजूने जमिनीवर सुमारे ९ टक्के कमी जोर देताना आढळले. शिवाय शाबूत पायाशी जुळवून घ्यावं लागतं ते वेगळंच. ट्रॅकवर डावीकडे वळत पळतात, म्हणून माझं ब्लेड वळणाच्या बाहेरच्या बाजूला येतं. डावा पाय नसलेल्यांचं आत येतं आणि वळणावर ते जास्त मागे पडतात.

दोन्ही पायांना ब्लेड असलं की मात्र हिशोब बदलतो, हे मी मान्य करते. दोन्हीकडे हलकी पट्टी म्हणजे पाय पुढे आणायला कमी वेळ, आणि पोटऱ्या थकण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही पाय नसलेला दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्यावर आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने जानेवारी २००८ मध्ये बंदी घातली ती कोलोनच्या प्रा. ब्र्युगेमान यांच्या चाचणीवरून. तिच्यात तो सुमारे २५ टक्के कमी ऊर्जेत तोच वेग राखतो असं निघालं. मे महिन्यात क्रीडा लवादाने बंदी उठवली. कारण चाचणी सरळ रेषेत आणि पूर्ण वेगात पळतानाची होती, सुटण्याचा आणि वेग घेण्याचा टप्पा मोजलाच नव्हता. मला हा निकाल पटतो, कारण ब्लेडवर सर्वात जड जातात ती सुरुवातीचीच पावलं. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत धावला. नंतर त्याने मैत्रिणीचा खून केला, ते जगाला ठाऊक आहे; इथे फक्त पायांपुरतं बोलते. गंमत म्हणजे त्याच वर्षी पॅरालिंपिकच्या २०० मीटरमध्ये ब्राझीलच्या अ‍ॅलन ऑलिव्हेराने त्याला हरवलं, तेव्हा समोरच्याची ब्लेडं फार लांब आहेत ही तक्रार पिस्टोरियसनेच केली!

माझ्या मते वादाचं मूळ उंचीत आहे, कारण लांब ब्लेडं लावली की माणूस उंच होतो. एक पाय शाबूत असला की उंचीचं माप आयतं मिळतं. दोन्ही नसतील तर खरी उंची सांगणार कोण? त्यासाठी पॅरालिंपिकवाल्यांचं ‘मॅश’ हे सूत्र आहे: बसून उंची, मांडी, हात यांच्या मापांवरून कमाल उंची काढायची. दोन्ही पाय नसलेला अमेरिकेचा धावपटू ब्लेक लीपर त्या मापापेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर उंच होऊन धावत होता. २०२० मध्ये लवादाने त्याला धडधाकट खेळाडूंबरोबर पळायला ती ब्लेडं नाकारली, पण फायदा होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावं हा नियमही रद्द केला. दोन्ही गोष्टी रास्त. सूत्रात कृष्णवर्णीयांची मापं धरलेली नाहीत, हा लीपरचा आक्षेप लवादाने मानला नाही. मला मात्र तो वजनदार वाटतो.

लांब उडीतला जर्मनीचा मार्कुस रेहम तर माझ्यासारखाच, एका पायाचा. पण तो उडी घेतो ती ब्लेडवरूनच. २०१४ मध्ये उल्मला ८.२४ मीटर मारून तो धडधाकट खेळाडूंना मागे टाकत राष्ट्रीय विजेता झाला, तरी युरोपियन स्पर्धेच्या संघातून वगळला गेला. पुढे चाचण्यांत दिसलं की ब्लेडमुळे त्याची धाव मंदावते आणि झेप सुधारते. यातून काय वजा करायचं ते कुणी ठरवावं? मला तरी सुचत नाही.

तेव्हा एक पाय असलेल्यांनी खुशाल घ्या, आणि पैसे वाचवायचे असतील तर सॉकेटमध्ये वाचवू नका. दोन्ही पाय नसतील आणि स्पर्धेत उतरायचं असेल, तर ऑर्डर देण्याआधी मॅशची मापं काढून घ्या आणि तो आकडा तंत्रज्ञाच्या हातात द्या.