कीटन की स्ट्रोहाइम : आधी कोणाची कारकीर्द पाहावी?

चॅप्लिन पाहून झाला आहे आणि आता हॉलिवूडच्या मूकपटांतील आणखी एखाद्या कलावंताचे काम सलग पाहायचे आहे, अशा प्रेक्षकासमोर मी दोन नावे ठेवीन : बस्टर कीटन आणि एरिख फॉन स्ट्रोहाइम. दोघेही नट, लेखक आणि दिग्दर्शक होते, दोघांचे महत्त्वाचे काम १९१९ ते १९२९ या काळातले आहे, आणि पुढे दोघांच्याही हातून दिग्दर्शन सुटले त्यात एमजीएम या एकाच कंपनीचा मोठा वाटा होता. एक विनोदी आणि दुसरा गंभीर, म्हणून आवडीप्रमाणे एक निवडावा, हा सल्ला मला वरवरचा वाटतो. त्यांनी जे घडवले त्यापैकी किती त्यांच्या मनासारखे आपल्यापर्यंत पोहोचले, हे आधी पाहिले तर निवड पुष्कळ सोपी होते.

या कसोटीवर कीटन सहज पुढे जातो. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आपटत-धडपडत वाढलेला हा मुलगा १९१७ मध्ये रॉस्को आर्बकलच्या लघुपटांतून पडद्यावर आला. १९२० पासून जोसेफ शेंक या निर्मात्याने त्याला स्वतंत्र स्टुडिओ चालवायला दिला. १९२१ मध्ये नॅटली टॅलमॅजशी लग्न झाल्यावर शेंक त्याचा साडूही झाला, कारण नॅटलीची बहीण नॉर्मा ही शेंकची पत्नी होती. शेंक पैशांचे पाही आणि चित्रीकरणात लक्ष घालत नसे. त्यामुळे ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४), ‘द नॅव्हिगेटर’ (१९२४) आणि ‘द जनरल’ (१९२६) हे चित्रपट कीटनला हवे होते तसेच तयार झाले. ‘द जनरल’साठी त्याने ओरेगॉनमधील कॉटेज ग्रोव्हजवळ खरे इंजिन जळत्या पुलावरून खरोखरच नदीत पाडले. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो खिडकीच्या पोकळीमुळे वाचतो, त्यातही छायाचित्रणाची हातचलाखी नाही. श्रेयनामावलीवर मात्र फार विसंबू नये. ‘द जनरल’वर दिग्दर्शक म्हणून क्लाइड ब्रकमन यांचेही नाव आहे, तर ‘स्टीमबोट बिल’वर कीटनचे नावच नाही, तरी दोन्ही चित्रपटांतील दृश्यांची आखणी उघडपणे एकाच डोक्यातून निघालेली दिसते.

स्ट्रोहाइमची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि, खरे सांगायचे तर, अधिक रंजकही. व्हिएन्नातील एका ज्यू टोपी-व्यावसायिकाचा हा मुलगा १९०९ मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि तेथे त्याने स्वतःला उमराव घराण्यातील लष्करी अधिकारी म्हणून खपवले. हे सोंग त्याने आयुष्यभर निभावले, इतकेच नव्हे तर पहिल्या महायुद्धाच्या काळात क्रूर जर्मन अधिकाऱ्यांच्या भूमिका करून त्यावर पोटही भरले. ‘ब्लाइंड हजबंड्स’ (१९१९) त्याने लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातील खलनायकही रंगवला. ‘फूलिश वाइव्ज’साठी (१९२२) युनिव्हर्सलच्या आवारात माँटे कार्लोचा चौक उभारण्यात आला. खर्च इतका वाढला की कंपनीने त्याचीच जाहिरात केली आणि दिग्दर्शकाच्या नावातील पहिले अक्षर डॉलरच्या चिन्हाने छापले. त्याच कंपनीने नंतर चित्रपटाला कात्री लावली आणि पुढच्या चित्रपटाच्या चित्रीकरणातून तेथे निर्मितीची सूत्रे सांभाळणाऱ्या आयर्व्हिंग थालबर्गने त्याला मध्येच काढून टाकले.

त्यानंतर तो गोल्डविन कंपनीकडे गेला. फ्रँक नॉरिस यांच्या ‘मॅकटीग’ या कादंबरीवरचा ‘ग्रीड’ त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर आणि ऐन उन्हाळ्यात डेथ व्हॅलीच्या वाळवंटात चित्रित केला. १९२४ मध्ये ती कंपनी एमजीएममध्ये विलीन झाली आणि तेथे निर्मितीची सूत्रे पुन्हा थालबर्गकडेच होती. मूळ ४२ रिळांचा चित्रपट स्ट्रोहाइमने स्वतः २४ रिळांवर आणला, त्याचा मित्र रेक्स इन्ग्रॅम याने १८ वर, आणि कंपनीने १० वर. उरलेला भाग नष्ट झाला. आज आपण ‘ग्रीड’ म्हणून पाहतो तो मूळ चित्रपटाचा चौथा हिस्सादेखील नाही.

कीटनलाही एमजीएमनेच अडवले, पण वेगळ्या टप्प्यावर. १९२८ मध्ये शेंकने स्टुडिओ बंद करून त्याला तिकडे पाठवले. तेथे दृश्य जागेवर सुचू देण्याऐवजी आधी मंजूर झालेल्या पटकथेबरहुकूम काम करावे लागे. त्याचे सुरुवातीचे बोलपट चांगले चालले, आणि माझ्या मते त्याचे खरे दुर्दैव तेच होते, कारण त्यामुळे कंपनीला आपली पद्धत बरोबर वाटली. १९३३ मध्ये त्याला काढून टाकले गेले तेव्हा त्याचे उत्तम काम आधीच पूर्ण होऊन वितरितही झाले होते. स्ट्रोहाइमचे उत्तम काम मात्र संकलनाच्या टेबलावर असतानाच हातचे गेले.

म्हणून सुरुवात कीटनपासून करावी. ‘वन वीक’ (१९२०) हा जेमतेम २० मिनिटांचा लघुपट, मग ‘शेरलॉक ज्युनियर’, मग ‘द जनरल’ हा क्रम नवख्यालाही जड जाणार नाही. एमजीएममधले त्याचे बोलपट वगळले तरी चालतील.

स्ट्रोहाइमकडे त्यानंतर वळताना ‘ग्रीड’ने आरंभ करू नये. ‘ब्लाइंड हजबंड्स’ आणि ‘फूलिश वाइव्ज’ पाहिल्यावर त्याची नजर कशी चालते ते कळते, आणि मग ‘ग्रीड’मधील तुटलेले दुवे मनात जोडता येतात. १९९९ मध्ये स्थिरचित्रांच्या साहाय्याने केलेली सुमारे चार तासांची पुनर्रचना उपलब्ध आहे, पण पहिल्या वेळी १० रिळांची आवृत्तीच पाहावी. स्थिरचित्रांमुळे चित्रपटाचा वेग तुटतो.

अपवाद एकच. ज्याला दिग्दर्शनापेक्षा अभिनयाचा अभ्यास करायचा आहे, त्याने खुशाल स्ट्रोहाइम आधी घ्यावा, कारण दिग्दर्शन सुटल्यावरही नट म्हणून तो वाढतच राहिला. ज्याँ रन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्युजियों’मधील (१९३७) त्याचा जर्मन कमांडंट त्याच्या मूकपटांतील कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा सरस आहे, आणि ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधील (१९५०) नोकराच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्या चित्रपटात कीटनही आहे. पत्ते खेळणाऱ्यांच्या टेबलाशी, काही क्षणांपुरता.