तीस अँपिअरचा एमपीपीटी आणि चार आण्यांचे स्क्रू : वापरानंतरचा अनुभव

"सर, आत मॉइश्चर गेलंय, वॉरंटीत बसत नाही." सर्व्हिस सेंटरच्या या एका वाक्यावर हे लिहायला बसलोय. नाहीतर मार्चपर्यंत मी याच एमपीपीटी सोलर कंट्रोलरचं (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) कौतुक करत फिरत होतो.

गाडी इको. मागची सीट काढून फळ्यांचा पलंग, खाली १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी, छोटा कॉम्प्रेसर फ्रीज, पंखा, दोन दिवे. रत्नागिरीहून निघायचं, जयगड-तवसाळची फेरीबोट, गुहागर, मग धोपाव्याहून दाभोळ आणि पुढे हर्णै. लिलावातली सुरमई घरापर्यंत ताजी यावी एवढीच फ्रीजकडून अपेक्षा.

सुरुवातीला छतावर १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचं १०० वॅटचं पॅनल होतं आणि सात-आठशे रुपयांचा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनल सरळ बॅटरीला जोडणारा-तोडणारा साधा कंट्रोलर. त्याचा महागडा भाऊ एमपीपीटी, तो पॅनलचे जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये वळवतो. 'एमपीपीटी घ्या, तीस टक्के जास्त मिळतं' असं जो तो सांगतो. कुठे मिळतं ते सांगत नाही. पॅनलच्या लेबलवरचे १८ व्होल्ट सेल २५ अंशांवर असतानाचे. एप्रिलात इकोच्या पत्र्याला चिकटलेलं पॅनल ६५ अंशांना सहज पोचतं आणि साडेपंधराच्या आसपास व्होल्ट उरतात. बॅटरी भरताना चौदाला असते. मग एमपीपीटीने अँपिअरमध्ये वळवायचं काय? त्या पॅनलपुरतं माझं मत आजही तेच आहे : पीडब्ल्यूएम लावा, उरलेल्या पैशांचे मासे घ्या.

स्वस्तातल्या पीडब्ल्यूएमची एक गोष्ट मात्र गाडीवाल्यांनी बघून घ्यावी. बरेचसे 'कॉमन पॉझिटिव्ह' असतात, म्हणजे आतला स्विच निगेटिव्हच्या वाटेवर. गाडीची बॉडी निगेटिव्ह. पॅनलची निगेटिव्ह वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर कंट्रोलरला बगल देऊन पॅनल थेट बॅटरीवर. मग चार्जिंग तोडायला बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटशिवाय (बीएमएस) कुणी नाही.

मग घराच्या छतावरच्या सोलरच्या कामातून ३३५ वॅटचं एक पॅनल शिल्लक राहिलं. ते परत देऊन काय मिळणार होतं? चढवलं इकोवर. इथे मात्र हिशेब फिरला. हे पॅनल ३८ व्होल्टला जेमतेम नऊ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम ते बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढणार, म्हणजे नऊ गुणिले साडेतेरा, कसेबसे १२० वॅट. बाकीचे दोनशे वाऱ्यावर. म्हणून साडेसात हजार मोजून १००/३० चा एमपीपीटी घेतला (पॅनलकडून कमाल १०० व्होल्ट, बॅटरीकडे कमाल ३० अँपिअर). दुपारी वीस अँपिअर दिसायला लागले. रात्री अर्धी उतरलेली बॅटरी जेवणाच्या आत भरायची. पैसे वसूल, असं आमच्या हिला सांगितलंसुद्धा.

पावसाळा गेला, हिवाळा छान गेला. मार्चमध्ये पहाटे फ्रीज बंद पडायला लागला. अ‍ॅपवर आदल्या दुपारी बॅटरी 'फुल'च्या टप्प्यात! शेवटी मीटर लावला. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.४, बॅटरीच्या बोल्टवर १३.७. मधले ०.७ व्होल्ट गेले कुठे? टर्मिनलच्या स्क्रूत. कंट्रोलर स्वतःच्या टोकावरचा आकडा बघतो, त्याला वाटतं झालं काम, आणि तो हात आखडता घेतो. बॅटरी तिकडे अर्धपोटी. वीस अँपिअरला ०.७ व्होल्ट म्हणजे १४ वॅटची उष्णता एका टर्मिनलवर. तिथलं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं.

स्क्रू काय होते म्हणता? साधं लोखंड, वर पिवळसर मुलामा. साडेसात हजारांच्या डब्याला! मागचं दार समुद्राकडे उघडं टाकून झोपायचं नाही तर गाडी घेतली कशाला? खाऱ्या वाऱ्याने मुलामा खाल्ला. एक स्क्रू जागेवरच धरला, दुसऱ्याची खाच गेली. आणि तो सात-आठशेचा पीडब्ल्यूएम? त्याचे पितळी स्क्रू अजून बोटांनी फिरतात.

डबा सर्व्हिस सेंटरला पाठवला आणि त्यांच्याशी फोनवर वाद घातला. "पाण्यात गेलाय." अहो, पाणी कुठे, पलंगाखाली होता. "खोक्यावर आयपी ३२ आहे, त्याच्यापुढे आमची जबाबदारी नाही." आयपीचे आकडे धूळ आणि पाण्याचे, मिठाचं त्यात काही नाही. पॅनलसाठी आयईसी ६१७०१ ही खाऱ्या धुक्याची चाचणी असते, माझ्या पॅनलच्या कागदावर ती आहे. कंट्रोलरच्या कागदावर तसलं काहीच नाही. हे ऐकवल्यावर त्याने तक्रार नंबर दिला. पुढे सामसूम. डबा परत आला तो पाठवण्याचा खर्च माझ्या माथी मारून.

परत आल्यावर मिरकरवाड्याला बोटींचं सामान मिळतं तिथून ३१६ जातीच्या, सहज न गंजणाऱ्या स्टीलचे स्क्रू, वायरच्या टोकाला लावायचे कथील चढवलेले लग आणि तशीच कथील चढवलेली वायर आणली. जुनी साध्या तांब्याची वायर सोलली तर आत वीतभर हिरवी निघाली. धरलेला स्क्रू ड्रिलने काढावा लागला. सगळं घट्ट आवळून वरून व्हॅसलिन. आता फरक ०.१ व्होल्टच्या आत आहे, फ्रीज पहाटेपर्यंत चालतो. आतलं सर्किट बिचारं पहिल्यापासून धडधाकट होतं, म्हणून पाचातले तीन तारे देतोय. उरलेले दोन तारे स्क्रूंनी खाल्ले.

परवा मेव्हण्यासाठी कंट्रोलर बघायला गेलो तेव्हा खिशात लोहचुंबक नेला. पितळ आणि चांगलं स्टील त्याला जवळजवळ दाद देत नाहीत, लोखंड टपकन चिकटतं. दुकानदार ॲपमधले आलेख दाखवत होता, मी टर्मिनलला चुंबक लावत होतो. तिथल्या तीन डब्यांपैकी सगळ्यात महागाला चुंबक चिकटला आणि दुकानदार म्हणाला, "काका, घेणार की नुसतं चिकटवणार?"