ॲल्युमिनियमचा जोड: पॉप रिवेट की आटे पाडून स्क्रू?

दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्यात आटे पाडायचा विचारच सोडा. तिथे पॉप रिवेटच (गनने ओढून एकाच बाजूने बसवायचा पोकळ खिळा). ४ मिमीच्या रिवेटला ४.१ मिमीचं भोक पाडायचं. भोक सैल झालं की रिवेट फुगूनही जागा भरत नाही आणि जोड खुळखुळतो. कडेची बर (भोक पाडताना उठलेली धारदार कड) आधी काढा, नाहीतर पत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. पुढे कधी उघडायचं झालं तर मात्र रिवेट ड्रिलनेच उडवावा लागतो.

जाड पट्टी असेल तर माझं मत स्क्रूला. एम५साठी (५ मिमी व्यासाचा स्क्रू) ४.२ मिमीचं भोक, मग टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. ॲल्युमिनियम मऊ, म्हणून आटे पोलादापेक्षा जास्त खोल हवेत: व्यासाच्या दीड ते दोन पट, म्हणजे इथे ७.५ ते १० मिमी. शिवाय हा धातू बिटाला चिकटतो. थोडं रॉकेल सोडायचं, बिट अधूनमधून वर घेऊन कीस झाडायचा. टॅपही अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. घाई केली की तो आतच मोडतो, आणि मोडका टॅप काढत बसण्यापेक्षा नवी पट्टी परवडते! स्क्रू वारंवार खोलायचा असेल तर मऊ आटे झिजतात. तिथे पोलादी इन्सर्ट (भोकात बसणारे तयार आटे) बसवा.